गव्हाचा पहिला घास : स्वीडनमधील सीलिॲकची साथ आणि तिच्यामागचा बाळान्नाचा इतिहास

१९८५ ते १९८७ या काळात स्वीडनमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांमधील सीलिॲक रोगाचे प्रमाण चौपट झाले. एक लाख बालकांमागे वर्षाला पन्नास-साठ नवे रुग्ण सापडत, तो आकडा २०० ते २४० वर गेला. पुढची काही वर्षे तो तिथेच रेंगाळला आणि १९९५ पासून जसा चढला होता तसाच झपाट्याने उतरून पूर्वीच्या पातळीवर आला. या रोगाला जंतू नाही, तो स्पर्शाने किंवा पाण्यातून पसरत नाही, आणि तो होण्याची शक्यता ज्या जनुकांमुळे येते ती जनुके दहा वर्षांत बदलत नाहीत. बदलले होते ते बाळांच्या बाटलीतले अन्न, ते देण्याचे वय आणि त्याचे प्रमाण. म्हणून बाळाला गहू कधी द्यावा, किती द्यावा आणि आईचे दूध चालू असताना द्यावा की नंतर, या प्रश्नांच्या इतिहासात स्वीडनची ही बारा वर्षे मध्यवर्ती ठरली.

सीलिॲक रोगात गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनसमूहाविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उभी राहते आणि त्या लढाईत लहान आतड्याचे अस्तर झिजते. अन्न शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे सपाट होतात. तान्ह्या मुलात याचे चित्र ठसठशीत असते : पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, शौच फिकट, भरपूर आणि दुर्गंधीयुक्त, वजन थांबलेले, मूल किरकिरे. मोठेपणी तोच रोग नुसता रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा किंवा न जाणारा थकवा एवढ्यावरच भागवतो, त्यामुळे वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जनुकीय खुणांपैकी एक असल्याशिवाय तो सहसा होत नाही. मात्र अनेक देशांत तीस-चाळीस टक्के लोकांत यांतली एखादी खूण असते, आणि त्यांपैकी मोजक्यांनाच रोग होतो. बाकीचे का सुटतात, हे कोडे सोडवताना संशोधकांचे लक्ष बाळाच्या पहिल्या घासाकडे गेले.

रोगाचे वर्णन जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य आरेटियस याने न पचलेले अन्न बाहेर टाकणाऱ्या, रोग्याला खंगवणाऱ्या जुनाट अतिसाराचे वर्णन केले आहे. पण तो विकार त्याच्या मते वृद्धांचा आणि स्त्रियांचा होता. लहान मुलांकडे लक्ष वेधले ते सॅम्युएल गी या इंग्रज वैद्याने. १८८७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात त्याने या विषयावर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापले. हा रोग बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, हा त्याचा निष्कर्ष आजही उभा आहे. त्याने दिलेली पथ्ये मात्र उलटी पडली होती. भात, साबुदाणा, मक्याचे पीठ ही पिठूळ अन्ने त्याने वर्ज्य ठरवली आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ कापांना परवानगी दिली. म्हणजे निरुपद्रवी ते काढले आणि विष तेवढे ताटात ठेवले. त्याच्या एका बालरुग्णाला मात्र हॉलंडहून येणारे शिंपले रोज भरपूर दिले गेले आणि ते मूल बाळसे धरू लागले. शिंपल्यांचा हंगाम संपताच रोग परतला. पुढच्या हंगामात त्या मुलाने शिंपल्यांना तोंडही लावले नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत असे अनेक एककल्ली आहार निघाले. न्यूयॉर्कच्या सिडनी हास याने १९२४ मध्ये केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला. त्यात पाव, बिस्किटे, बटाटे आणि धान्ये बंद होती. मुले सुधारत आणि श्रेय केळ्याला मिळे. पाव बंद केल्याला ते कोणी दिले नाही. अर्धशतकभर डॉक्टर पिष्टाकडे आणि चरबीकडे बोट दाखवत राहिले, याचे एक कारण असे की गहू हे युरोपचे रोजचे अन्न होते आणि रोजच्या अन्नावर संशय घेणे अवघड असते.

तो संशय घेतला डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके याने. हेग येथील जुलियाना बालरुग्णालयाचा तो १९३६ पासून प्रमुख होता. त्याचे नाव आले की १९४४-४५ च्या ‘भुकेच्या हिवाळ्या’ची गोष्ट हटकून सांगितली जाते. जर्मन नाकेबंदीत पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कांदे खाऊ लागले, आणि सारा देश उपासमारीत असताना सीलिॲकची मुले मात्र सुधारली, अशी ती गोष्ट. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. डिके तीसच्या दशकापासूनच गहू वगळून पाहत होता आणि १९४१ मध्ये त्याने त्याबद्दल लिहिलेही होते. दुष्काळाने त्याची खात्री पक्की केली एवढेच. १९५० मध्ये युट्रेख्ट विद्यापीठाला त्याने प्रबंध सादर केला. वेयर्स हा डॉक्टर आणि व्हान दे कामेर हा रसायनतज्ज्ञ यांच्यासह त्याने मुलांच्या विष्ठेतील चरबी मोजून दाखवले की गहू आणि राय दिले की ती वाढते व काढले की घटते. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने दोष गव्हाच्या पिष्टात नसून ग्लूटेनमध्ये आहे हे स्वतंत्रपणे दाखवले. काही वर्षांतच तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा काढण्याची सोय झाली आणि झिजलेले अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. उपचार ठरला, निदान पक्के झाले. मूळ प्रश्न मात्र तसाच उरला : एकाच घरात, एकाच पोळपाटावरचे अन्न खाणाऱ्या दोन भावंडांपैकी एकालाच रोग का?

या प्रश्नाचे पहिले उत्तर ब्रिटनमधून आले आणि ते वयाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बाटलीचे दूध सार्वत्रिक झाले आणि घट्ट अन्न लवकर सुरू करणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाऊ लागले. काही आठवड्यांच्या बाळाच्या बाटलीतही धान्याची भुकटी मिसळली जाई, कारण पोट भरलेले मूल रात्रभर झोपते असा समज होता. साठच्या दशकात तीन महिन्यांच्या आत गहू पोटात जाणे सर्रास होते आणि तेव्हा ब्रिटन व आयर्लंडमध्ये एक वर्षाच्या आसपास सीलिॲकची मुले वारंवार दवाखान्यात येत. आयर्लंडच्या गॉलवे भागात १९७३ मध्ये सुमारे ३०० मुलांमागे एक असे प्रमाण नोंदले गेले, जे त्या काळी जगात सर्वांत जास्त समजले जाई. १९७४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने शिशुआहारावर अहवाल काढला : बाळाला चार महिन्यांपर्यंत घट्ट अन्न देऊ नका, बाटलीत धान्य घालू नका, स्तनपान वाढवा. त्यानंतर काही वर्षांतच अनेक शहरांतून बालवयातील सीलिॲक ओसरत असल्याचे अहवाल येऊ लागले. १९८० च्या सुमारास तो नाहीसा होत चालला आहे, असे वैद्यकीय नियतकालिकांत मोकळेपणाने लिहिले जात होते.

तो नाहीसा होत नव्हता. फुगलेल्या पोटाची एक वर्षाची बाळे कमी झाली, पण निदानाचे सरासरी वय पुढे सरकत गेले आणि शाळकरी मुले व प्रौढ यांच्यात रोग सापडू लागला. तरीही ऐंशीच्या दशकाच्या आरंभी युरोपातील बालपोषणतज्ज्ञांनी ब्रिटनच्या अनुभवातून सरळ अर्थ काढला : उशीर चांगला, म्हणजे आणखी उशीर आणखी चांगला. याच तर्काने स्वीडनने १९८२ मध्ये आपला सल्ला बदलला. तोवर चौथ्या महिन्यापासून गहू देत असत, तो आता सहाव्या महिन्यापर्यंत लांबवायला सांगितले गेले. स्वीडनमधली जवळपास सगळी बाळे सरकारी बालआरोग्य केंद्रांत परिचारिकेकडे नियमित तपासणीला जातात, त्यामुळे केंद्रातून निघालेला सल्ला घराघरांत फार लवकर पोचला.

इथे वेलिंगचा संबंध येतो. वेलिंग म्हणजे दुधात पीठ शिजवून केलेली पातळ पेज. उत्तर युरोपात ती शतकानुशतके गरिबाघरचे अन्न होती. विसाव्या शतकात स्वीडिश बाळान्न उद्योगाने तिची भुकटी बनवली : दुधाची पूड, पीठ, तेल, जीवनसत्त्वे. गरम पाण्यात घोळून, मोठ्या छिद्राच्या बुचाने ती बाटलीतून पाजली जाई, विशेषतः सकाळी आणि झोपण्यापूर्वी. फ्रान्समध्ये किंवा इटलीत अशी सवय नव्हती. तिथले बाळ गहू चमच्याने, चाटून, सांडून, थोडाथोडा खाई. स्वीडिश बाळ तोच गहू पीत असे, आणि प्यायला चावावे लागत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या बाटलीतल्या अन्नांमधील गव्हाचे प्रमाणही वाढवले गेले.

म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी घडल्या. गहू सुरू करण्याचे वय चारावरून सहा महिन्यांवर गेले. चार महिन्यांचे बाळ एखाद-दुसरा चमचा चाखते, सहा महिन्यांचे बाळ अख्खी बाटली संपवते, तेव्हा सुरुवातच मोठ्या मात्रेने होऊ लागली. त्या बाटलीत पूर्वीपेक्षा ग्लूटेनही जास्त होते. आणि स्वीडनमध्ये सत्तरच्या दशकाच्या आरंभी तळ गाठलेले स्तनपान पुन्हा वाढत असले तरी सहाव्या महिन्यापर्यंत अनेक मातांचे दूध तुटलेले असे. चौथ्या महिन्यात गहू दिला असता तर त्याच्या जोडीला आईचे दूध असते. सहाव्या महिन्यात ते नसे. चांगल्या हेतूने दिलेल्या सल्ल्याने नकळत गव्हाची आणि आईच्या दुधाची फारकत केली.

वाढ पहिल्यांदा लक्षात आली ती रुग्णालयांतील बालरोगतज्ज्ञांना. १९९०-९२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अहवालांनी ती देशभर आहे हे दाखवले. १९९१ पासून बालवयातील सीलिॲकची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्यात येऊ लागली आणि काही भागांच्या नोंदी मागे १९७३ पर्यंत जाऊन गोळा केल्या गेल्या. उमेओ विद्यापीठाच्या आन्नेली इव्हार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हा सगळा आलेख मांडला. डॉक्टर अधिक जागरूक झाले म्हणून आकडे फुगले, हा पहिला आक्षेप होता. तो चढत्या बाजूपुरता पटण्यासारखा होता, उतरत्या बाजूला मात्र लागू पडत नव्हता. १९९५ नंतर स्वीडिश डॉक्टर एकाएकी निष्काळजी झाले असे म्हणायला काही आधार नव्हता, उलट रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासण्या तेव्हा अधिक सुलभ होत होत्या.

शेजारचा डेन्मार्क हा या कहाणीतला बोलका पुरावा ठरला. लोकांचे मूळ, जनुके आणि राहणीमान बरेचसे सारखे, मधे एक सामुद्रधुनी, पण डॅनिश मुलांत सीलिॲक दुर्मीळ. १९९५ मध्ये दोन्ही देशांच्या बाळान्नांची तुलना झाली. स्वीडिश बाळाच्या आहारात ग्लिआडिन, म्हणजे ग्लूटेनमधला मुख्य उपद्रवी भाग, डॅनिश बाळापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. बाळाला बाटलीतून वेलिंग पाजण्याची स्वीडनसारखी सवय डेन्मार्कमध्ये नव्हती.

इव्हार्सन यांच्या गटाने पुढची पायरी म्हणून ६२७ रुग्ण बालके आणि १,२५४ निरोगी बालके यांच्या आहाराची तुलना केली. २००२ मध्ये छापलेल्या या अभ्यासात असे दिसले की गहू सुरू झाला तेव्हा आईचे दूध चालू असेल तर दोन वर्षांखालील मुलात रोगाचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होता, आणि गहू सुरू झाल्यावरही स्तनपान चालू राहिले असेल तर तो त्याहून कमी. सुरुवातीलाच मोठी मात्रा दिली गेली असेल तर धोका सुमारे दीडपट. पण हे निष्कर्ष हाती येण्याआधीच, संशयाच्या बळावर, स्वीडनने १९९६ मध्ये सल्ला पुन्हा बदलला होता : चौथ्या महिन्यापासून, शक्यतो स्तनपान चालू असताना, गहू अगदी थोडा थोडा सुरू करा. बाळान्नातील पिठाचे प्रमाणही नव्वदच्या दशकाच्या मध्यात खाली आणण्यात आले. आलेख उतरला.

या उताराने जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना एक सुबक सिद्धान्त दिला. कल्पना अशी की बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला नव्या अन्नाची ओळख पटण्याचा एक ठरावीक काळ असतो. त्या काळात, आईच्या दुधाच्या संरक्षणात, थोडे थोडे ग्लूटेन दिले तर आतडे त्याला आपले मानते. त्याआधी दिले तर आतडे कच्चे असते, नंतर दिले तर दार बंद झालेले असते. २००५ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या एका अभ्यासाने या कल्पनेला बळ दिले. जनुकीय धोका असलेल्या १,५६० मुलांत, पहिल्या तीन महिन्यांत किंवा सात महिन्यांनंतर गहू मिळालेल्यांना चार ते सहा महिन्यांत मिळालेल्यांपेक्षा धोका जास्त दिसला. मात्र त्या अभ्यासात सीलिॲकच्या प्रतिपिंडांपर्यंत पोचलेली मुले फक्त ५१ होती, आणि तीन महिन्यांच्या आत गहू खाल्लेली त्यांतली अगदीच थोडी. तरीही २००८ मध्ये युरोपीय बालपोटविकार संघटनेने तोच सल्ला अधिकृत केला : ग्लूटेन चार महिन्यांच्या आत नको, सात महिन्यांच्या पुढे नको, आणि दिले तर आईचे दूध चालू असताना. आता पुरावा काढण्यासाठी मुलांची चिठ्ठ्या टाकून गटांत विभागणी करणारे खरे प्रयोग सुरू झाले होते. ते संपायला सात-आठ वर्षे लागणार होती, आणि दरम्यान सल्ला हेच सत्य समजले गेले.

२०१४ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन मोठे प्रयोग छापून आले आणि सिद्धान्त कोसळला. पहिला युरोपातील आठ देशांतला. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला सीलिॲक असलेल्या आणि जनुकीय खूण असलेल्या ९४४ बाळांना चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज ग्लूटेनची अगदी थोडी मात्रा किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी पूड देण्यात आली. कोणाला काय मिळते हे आईवडिलांना आणि डॉक्टरांना माहीत नव्हते. तीन वर्षांच्या वयात ग्लूटेन मिळालेल्यांत ५.९ टक्के मुलांना रोग झाला, पूड मिळालेल्यांत ४.५ टक्के. हा फरक योगायोगात मोडणारा होता. ओळख पटवण्याचा काळ नावाचे काही दिसले नाही. आईचे दूध पिणाऱ्यांतही, ते किती दिवस प्यायले यावर काही अवलंबून नव्हते. दुसरा प्रयोग इटलीतला. जवळच्या नातेवाइकाला रोग असलेल्या ८३२ बाळांना सहाव्या किंवा बाराव्या महिन्यात गहू सुरू केला. त्यांतल्या जनुकीय खूण असलेल्या मुलांत, दोन वर्षांच्या वयात लवकर सुरू केलेल्या गटात १२ टक्क्यांना रोग, उशिराच्या गटात ५ टक्क्यांना. पण पाच वर्षांच्या वयात दोन्ही गट १६ टक्क्यांवर सारखेच होते. उशिरा दिल्याने रोग टळला नाही, फक्त लांबला. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात जे घडले त्याचा अर्थ चाळीस वर्षांनी असा लागला.

मग स्वीडनचे काय? इथे एक वेगळा अभ्यास उपयोगी पडतो. साथीच्या काळात, १९९३ मध्ये, जन्मलेल्या आणि साथ ओसरल्यावर, १९९७ मध्ये, जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलांची रक्ततपासणी करण्यात आली. लक्षणे असोत वा नसोत, शाळेत जाऊन तेरा हजारांवर मुले तपासली गेली. १९९३ च्या मुलांत हजारामागे २९ जणांना सीलिॲक निघाला, १९९७ च्या मुलांत २२ जणांना. म्हणजे फरक खरा होता, तो केवळ निदान पुढे ढकलले गेल्यामुळे दिसणारा नव्हता. पण तो चौपटही नव्हता. साथीत जे दिसले त्यातला मोठा भाग रोग लवकर आणि तीव्र रूपात प्रकट होण्याचा होता, आणि एक लहान भाग प्रत्यक्षात जास्त मुलांना रोग होण्याचा. आणखी एक गोष्ट त्यातून पुढे आली, तीही छोटी नाही : १९९३ च्या गटात सापडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांचे निदान तोवर झालेलेच नव्हते. साथ म्हणून ओळखली गेलेली लाट ही पाण्याबाहेर आलेला भाग होती.

प्रयोगांनंतर वय आणि स्तनपान हे दोन्ही मुद्दे मागे पडले आणि राहिला तो तिसरा, जो स्वीडनच्या आकड्यांत सुरुवातीपासून होता पण सल्ल्यांत दुय्यम ठरत आला : मात्रा. २०१६ मध्ये युरोपीय संघटनेने आपला सल्ला मोकळा केला. चार ते बारा महिन्यांत केव्हाही ग्लूटेन सुरू करता येईल, फक्त पहिल्या काही आठवड्यांत आणि एकूणच पहिल्या वर्षात मोठी मात्रा टाळावी. स्तनपानाची शिफारस इतर अनेक कारणांसाठी कायम राहिली, पण सीलिॲक टाळण्यासाठी म्हणून नव्हे. २०१९ मध्ये अमेरिका, स्वीडन, फिनलंड आणि जर्मनीतील ६,६०५ जनुकीय जोखमीच्या मुलांच्या आहारनोंदींतून असे दिसले की पहिल्या पाच वर्षांत दिवसाला एक ग्रॅम ग्लूटेन जास्त गेले तर रोगाचा धोका सुमारे दीडपट होतो. एक ग्रॅम म्हणजे पांढऱ्या पावाची अर्धी चकती. आहारनोंदींचा अभ्यास हा प्रयोग नव्हे, त्यामुळे हेही अंतिम उत्तर मानता येत नाही. लगेच पुढच्या वर्षी ब्रिटनमधील एका प्रयोगाने उलटाच निकाल दिला. ॲलर्जी टाळता येते का हे पाहण्यासाठी चौथ्या महिन्यापासून आठवड्याला चार ग्रॅम गव्हाचे प्रथिन ठरवून दिलेल्या ४८८ मुलांत तीन वर्षांपर्यंत एकालाही सीलिॲक झाला नाही. नेहमीच्या पद्धतीने खाणाऱ्या ५१६ मुलांत सात जणांना झाला. आकडे लहान आहेत, पण ते दुर्लक्षिण्यासारखेही नाहीत. त्याच सुमारास नॉर्वेच्या संशोधकांनी लहानपणीच्या आतड्यातील विषाणुसंसर्गाशी रोगाचा संबंध दाखवला. तेव्हापासून गव्हाबरोबर आतड्यात त्या वेळी दुसरे काय चालले आहे, हाही प्रश्न विचारला जाऊ लागला.

मात्रेचा मुद्दा भारतात सर्वांत स्पष्ट दिसतो. भारतातील मुलांमधील सीलिॲकचे अहवाल १९६६ पासून आहेत, आणि ते उत्तर भारतातून आले. इंग्लंडमधील लेस्टर शहरात १९९३ मध्ये असे आढळले की तिथे स्थायिक झालेल्या पंजाबी लोकांत हा रोग गुजराती लोकांपेक्षा बराच जास्त आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील तीन भागांतील २३ हजारांवर प्रौढ तपासले गेले. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात सीलिॲकची प्रतिपिंडे सापडली. जोखमीची जनुके मात्र तिन्ही भागांत जवळपास सारखी, तीसेक ते चाळीस टक्क्यांच्या दरम्यान होती. गव्हाचे रोजचे सेवन उत्तरेत माणशी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. हेही सारे गणित एका रेषेत बसत नाही, कारण ईशान्येत गहू दक्षिणेइतकाच कमी असून रोग बराच जास्त आहे. उत्तर आणि दक्षिण यांतला फरक मात्र जनुकांनी समजावून सांगता येत नाही.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधे पडतो. उष्टावणात, म्हणजे मुलाच्या सहाव्या-आठव्या आणि मुलीच्या पाचव्या-सातव्या महिन्यात, पहिला घास तांदळाच्या खिरीचा असे. त्यानंतरचे बाळान्नही बहुतेक ग्लूटेनविरहित होते : भाताची पेज, मऊ भात, मुगाच्या वरणाचे पाणी, आणि नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून वस्त्रगाळ केलेले सत्त्व. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत सीलिॲकला कारण ठरणारे ग्लूटेन नसते. गव्हाचे सत्त्वही काही घरांत बाळाला देत. कुरडयांसाठी करतात तसे गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेला चीक वाळवायचा. यात पिष्ट मुख्यत्वे चिकात येते आणि प्रथिनांचा बराचसा भाग चोथ्याबरोबर निघून जातो. अर्थात सीलिॲक झालेल्या मुलाला तेही चालत नाही, कारण उरलेला अंशही पुरेसा असतो. गेल्या पन्नास वर्षांत ज्वारीची भाकरी मागे पडून पोळी पुढे आली, शिधावाटपातून गहू घरोघर पोचला आणि बाळाच्या वाटीत रव्याची खीर, शेवया, दुधात कुस्करलेले बिस्कीट आणि डब्यातले गव्हाचे तयार अन्न आले. पहिल्या वर्षात बाळाच्या पोटात जाणारा गहू आजीच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त झाला आहे.

बाळाचे वजन अडले, जुलाब हटेनात आणि शंका आली तर आधी रक्तातील प्रतिपिंडे तपासावी लागतात, आणि ती तपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. अंदाजाने आधीच गहू बंद केला तर प्रतिपिंडे उतरतात आणि निदान कठीण होते. निदान झाल्यावर पथ्य आयुष्यभराचे. त्यात गहू, सातू आणि राय यांसह रवा, मैदा, दलिया आणि शेवया कायमच्या बंद होतात. ज्वारी-बाजरी-नाचणीच्या प्रदेशात हे पथ्य उत्तर भारतापेक्षा सोपे जाते. अडचण येते ती सार्वजनिक गिरणीत, कारण तिथे ज्वारीच्या आधी त्याच जात्यावर दुसऱ्याचा गहू दळलेला असतो. म्हणून अशा घरांत धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या छोट्या चक्कीवर वेगळे दळतात, आणि त्या मुलाची परात, चाळणी आणि पोळपाट-लाटणे वेगळे ठेवतात.